किटलीचे झाकण

एनिड स्टॉर यांची व माझी ओळख इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबी गावात, चॅपेलमागच्या म्हणजे छोट्या चर्चमागच्या खोलीत झाली. तेथे दर मंगळवारी मोठ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवीत. माझे आयुष्य बंदरावरच्या धुरीघरात हेरिंग मासे चिरून धुरावर टांगण्यात गेले होते, त्यांचे शाळेच्या स्वयंपाकघरात. त्या माझ्या शेजारी बसत. त्यांची पेन्सिल कागदाला टेकली की टकटक वाजे. धडा अवघड म्हणून त्या घाबरत असतील, असे मला वाटे. ओळख मुरल्यावर त्यांनी एकदा हळूच सांगितले, "धड्याचं नाही गं, ऑड्री. हातच असा झालाय."

हा हात त्यांनी मुलापासून लपवला होता. मागच्या हिवाळ्यात उकळते पाणी ओतताना त्यांचा पाय भाजला, तेव्हा त्यांनी कीथला सांगितले की मांजर पायात आले. कीथ यॉर्कला राहतो. त्याची पत्नी लोरेन बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे. दोघांनी मांजरावर अर्धाच विश्वास ठेवला आणि टेकडीवरच्या वृद्धाश्रमाची चौकशी सुरू केली.

त्या वृद्धाश्रमात एनिडबाईंची बहीण ऑलिव्ह शेवटचे दिवस राहिली होती. तेथे चहा चोच असलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात येई. दूध, साखर सगळे आधीच घातलेले असे. "कसा हवा म्हणून कुणी विचारायचंसुद्धा नाही," एवढेच त्या सांगत. मरणाची त्यांना एवढी भीती नव्हती, जेवढी त्या पेल्याची होती.

अशात त्यांचा वाढदिवस आला. कीथने कड्यावरच्या हॉटेलात दुपारचा चहा ठरवला, मैत्रिणीलाही आण म्हणाला, आणि शेवटी सहज म्हणाल्यासारखे म्हणाला की घराचेही तेव्हाच बोलून टाकू. एनिडबाई त्याच संध्याकाळी माझ्याकडे आल्या. त्यांनी अंगातला कोटही काढला नाही. आमच्याकडे टेबलावरच्या सर्वांत वडील बाईने किटलीतून चहा ओतायचा असतो. वयाने त्या माझ्यापेक्षा मोठ्या, आणि वाढदिवसही त्यांचाच. मी ओतते, असे म्हणून पाहिले.

"म्हणजे हात बिघडलाय हे लोरेनला सांगायचीच सोय झाली की," त्या म्हणाल्या. "ती पोरगी चमचा कुठल्या बाजूला ठेवला तेसुद्धा बघते."

म्हणून आम्ही सराव केला. त्यांच्या चिनी मातीच्या किटलीत थंड पाणी भरायचे, कोपर बरगडीला घट्ट लावायचे, डाव्या हाताचे बोट झाकणावर दाबायचे, आणि किटलीचे तोंड कपाच्या काठाला टेकवायचे. मी समोर लोरेन होऊन बसत असे. पाणी माझ्या मांडीवर सांडले की त्या म्हणत, "बरं झालं, तू यॉर्कची नाहीस." हसत असत, पण कपाळावर घाम दिसे. अखेर टेबलक्लॉथ कोरडा राहू लागला.

हॉटेलात आम्हाला खिडकीजवळचे टेबल मिळाले. तीन मजली थाळी आली: तळाला काकडीचे सँडविच, मध्ये स्कोन नावाचे छोटे गोडसर पाव, वर केक. खालून वर खात जायचे, हे आम्हाला ठाऊक होते. एनिडबाईंनी काहीच घेतले नाही. त्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या रुमालाखाली होते. तेवढ्यात किटली आली, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. ती चांदीसारख्या धातूची होती, मोठी, जड, आणि तिचे झाकणही तापलेले होते. झाकणावर बोट ठेवणे शक्यच नव्हते.

"चल आई, ओत," कीथ म्हणाला. "शाळाभर पोरांना वाढायचीस. आम्ही तर चौघंच आहोत."

एनिडबाईंनी आधी दुधाचा जग उचलला आणि चारही कपांत दूध घातले. आमच्या कामकरी घरांत तशीच रीत. आमचे स्वस्त कप उकळत्या चहाने तडकत, म्हणून दूध आधी. अशा हॉटेलात मात्र चहा आधी ओततात, आणि तेवढ्यावरून माणसाचे घर ओळखतात. लोरेनचा चेहरा लाल झाला. ती शेजारच्या टेबलाकडे पाहू लागली, कीथ लोरेनकडे पाहू लागला, आणि तेवढ्या वेळात एनिडबाईंनी काठाला तोंड टेकवून चारही कप भरले. त्यांच्या हाताकडे कोणी पाहिलेच नाही.

पण आमच्याकडे किटली अर्धी झाली की तीत गरम पाणी घालून जातात. वाढणाऱ्या मुलीने ती काठोकाठ भरली. कीथ म्हणाला की चहा झाल्यावर घराचे बोलू. लोरेनला आपल्या लाल चेहऱ्याचे वाईट वाटले असावे. तिने मऊ आवाजात आणखी थोडा चहा मागितला, आणि मदत म्हणून रिकामा कप स्वतःच उचलून पुढे धरला. कप टेबलावरच ठेवायचा असतो. एनिडबाईंना आता काठ टेकवायला स्थिर जागा राहिली नाही.

त्यांनी किटली उचलली. प्रथम झाकण हळूच वाजले. मग ते थांबेचना. शेजारच्या टेबलावरची माणसे वळून पाहू लागली. किटलीचे वाफाळणारे तोंड लोरेनच्या मनगटावर डावी-उजवीकडे हलत होते, आणि मी भीतीने खुर्चीची कड धरून बसले होते. एनिडबाईंनी एकदा त्या मनगटाकडे पाहिले. मग किटली धाडकन खाली ठेवली. चहा टेबलक्लॉथवर पसरला.

"लोरेन, हात मागे घे," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे वळल्या. "कीथ, ते मांजर नव्हतं."

कीथ पांढराफटक पडला. त्या पुढे बोलत राहिल्या, फार हळू आवाजात. हात केव्हापासून असा आहे, पाय कसा भाजला, सगळे सांगितले. शेवटी म्हणाल्या, "मला ऑलिव्हचा तो पेला नको रे. फार भीती वाटते मला त्याची."

लोरेनने ओला टेबलक्लॉथ रुमालाने टिपला आणि एनिडबाईंसाठी दुसरा कप सरळ करून ठेवला. मग तिने किटलीची कडी धरली आणि थांबली.

"दूध आधी ना, आई?" तिने विचारले. ती त्यांना नेहमी नावाने हाक मारी.

घराचे बोलणे त्या दिवशी झालेच नाही. पुढे झाले, तेव्हा वृद्धाश्रमाचे नाव निघाले नाही. उकळत्या पाण्याचे भांडे तेवढे घरातून गेले, सकाळी मी जाऊ लागले आणि रविवारी कीथ. एनिडबाई अखेरपर्यंत आपल्या गल्लीत राहिल्या. भीती गेली असे मी म्हणणार नाही. चॅपेलमागच्या खोलीत त्यांची पेन्सिल तशीच वाजत राहिली. परंतु हॉटेलातल्या त्या टेबलावर त्यांनी हात रुमालाखालून वर काढून सर्वांसमोर ठेवले आणि लोरेनला उत्तर दिले.

"हो, आधी. आणि कप अर्धाच भर. तेवढा मला उचलता येतो."