वारा बंद करायचं गाऱ्हाणं

चवथीच्या आरतीनंतर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या मुळगावच्या घरात वयामुळे माझ्याकडे आला. अकलेवर द्यायचा असता तर कठीण होतं. मी देवाकडे मागायचं आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं, एवढंच काम. त्यातही एका वर्षी मी घोळ घातला. पीकपाणी, गुरंढोरं, पोरांच्या परीक्षा, सगळं रीतसर मागून झालं आणि तोंडातून निघून गेलं, "आणि म्हाराजा, तो वारा जो आसा, तो बंद कर."

"व्हय म्हाराजा," सगळं घर गरजलं. कुठला वारा, ते कुणी विचारलं नाही. बाहेर तर पानसुद्धा हलत नव्हतं.

वारा होता विलायतेकडच्या थंड समुद्रात. तिथे आमचा मुलगा तरंगत्या पवनचक्क्या दुरुस्त करतो. आधी तो इथेच खाणीवरची यंत्रं दुरुस्त करायचा. खाण बंद पडली तसा तिकडे गेला. पवनचक्की तरंगते म्हणजे वाहून नाही का जात, असं मी त्याला विचारलं होतं. तो हसला. पाणी खोल असलं की खांब तळात रोवता येत नाही, मग होडी नांगरावर ठेवतात तशी ती साखळदंडांवर ठेवायची, म्हणाला. आपल्या दर्यातही कधीतरी होतील, झाल्या की परत येईन. तेव्हापासून मी पेपरात तेवढी एकच बातमी शोधतो. पाहणी होणार असते, मग पुढे जाते, मग परत पाहणी होणार असते.

त्या वर्षी त्याने चवथीसाठी रजा घेतली होती. गणपतीच्या वर रानातली फळं टांगायची लाकडी चौकट, आमची माटोळी, दरवर्षी तोच बांधायचा. आदल्या दिवशी त्याचा फोन आला. ही माणसं समुद्रातच मोठ्या जहाजावर राहतात, आणि रजेवर निघालेल्यांना न्यायला आलेली बोट लाटांमुळे जहाजाला लागेना. वारा पडेपर्यंत तिथेच. कधी पडेल, ते त्याच्या साहेबालाही ठाऊक नव्हतं.

"बाबा, माटोळी कोण बांदतलो?" एवढंच त्याने विचारलं.

मी आहे ना, म्हटलं. बांधलीही. भर आरतीत तिच्यातलं एक तवसं, चांगली जाडजूड काकडी, सुटून तबकात पडलं. सगळे हसले, मीही हसलो, आणि पुढे गाऱ्हाण्यात तो वारा निघाला.

माणसं पांगल्यावर मी फोन लावून पाहिला. लागला नाही. बायको समईची वात सारखी करत होती. देवाने एवढं ऐकलं तर बरं होईल, असं मी पुटपुटलो.

"नको ऐकू दे," वातीवरची नजर न काढता ती म्हणाली. "शेतात खाणीची माती येते म्हणून ह्याच पाटापुढं तुम्ही खाण बंद कर म्हणालात. आम्ही सगळ्यांनी व्हय म्हटलं. झाली ती बंद. आता वारा बंद झाला, तर पोराला आणखी कुठं धाडणार?"