एक्स-रे फिल्मची बाहुली

शाळा सुटायला अवकाश होता. मुलं पाढे म्हणत होती, तेवढ्यात पाझर तलावाच्या कामावरची जीप फाटकाशी येऊन थांबली. ड्रायव्हर इस्माईल एरवी लांबूनच हॉर्न वाजवायचा. त्या दिवशी तो उतरून, टोपी हातात धरून वर्गाच्या दाराशी आला. "बाई, साहेबांना भोवळ आली... नगरला नेत हुतो," एवढंच म्हणाला. मी खडू ठेवला आणि जीपकडे निघाले.

दादाला जाऊन आता महिना होऊन गेला. तो दुष्काळी कामांवर ओव्हरसिअर होता. वहिनी गेल्यापासून पारनेरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही दोघं भाऊबहीण राहत होतो. तो मुळात अबोल. संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवायचा, मुरमाने माखलेले पाय धुवायचा आणि चहा घेता घेता कामावरचं थोडंफार सांगायचा. गेल्या हिवाळ्यात एकदा मात्र पाय न धुताच ओसरीवर बसून राहिला. जेवलाही नाही. पारू नावाची एक बाई, सहावा महिना चालू असलेली, भरलेलं घमेलं जमिनीवरून उचलताना मटकन खाली बसली होती. मूल गेलं. घरात खाणारी तोंडं होती आणि शेतात काही उगवलं नव्हतं, त्यामुळे थोड्याच दिवसांत ती पुन्हा कामावर आली. त्या दिवशी दादा म्हणाला, "हिला मी सावलीत बसवीन गं. पण उद्या दुसरी पडेल, तिचं काय?"

मग त्याने ओळखीच्या डॉक्टरांकडून टाकाऊ एक्स-रे फिल्म आणल्या, सोड्याच्या पाण्यात धुऊन स्वच्छ केल्या आणि त्यांतून एक बाई कापली. मान, खांदा, कोपर, कंबर, गुडघा असे सुटे तुकडे, आणि सांध्यांना माझ्या शिवणाच्या डब्यातली टिचबटणं. वीतभर उंचीची ती बाहुली वाकायची, बसायची, हात वर करायची. पण तिचं अंग खऱ्या बायकांच्या मापांच्या प्रमाणात हवं होतं, आणि परक्या पुरुषाने मापं घ्यायची कशी? म्हणून शाळेला सुट्टी होती त्या दिवशी टेप घेऊन मी कामावर गेले. बायकांना हसू आवरेना. "सरकार आमास्नी झंपर शिवून देनार हाय का?" एकीने विचारलं. पारू तेवढी हसली नाही. मुकाट्याने हात पसरून उभी राहिली.

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी दादा आलेखाच्या कागदावर बाहुली ठेवायचा, तिला वाकवायचा, रेघा ओढायचा, आकडेमोड करायचा. "ओझं हातात दिसतं, पण भरतंय कमरेत," तो म्हणाला, "घमेल्याच्या कितीतरी पट." घमेलं जमिनीवर न ठेवता मांडीइतक्या उंच ओट्यावर भरलं, तर बाहुलीची कंबर जवळजवळ सरळ राहत होती. नगरहून आलेल्या मोठ्या साहेबांपुढे त्याने हे सगळं मांडलं. मोठ्या साहेबांनी बाहुली दोनदा वाकवून पाहिली आणि ओटे बांधत बसलात तर माती कोण वाहणार, असं विचारलं. दादाने ती रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी काम सुरू व्हायच्या आत तो स्वतःच दगड-मुरूम रचू लागला. पारू येऊन दगड देऊ लागली, मग आणखी दोघी आल्या. ओट्यावरची टोळी मागे पडली नाही. हळूहळू बाकीच्या टोळ्याही ओटे मागू लागल्या. मोठे साहेब पुन्हा आले तेव्हा ओट्यांभोवती एक चक्कर मारून गेले.

चैत्र संपता संपता दादा डावा खांदा चोळू लागला. विचारलं की उन्हाचं नाव सांगायचा... साऱ्यांच्या कमरा न्याहाळणाऱ्या माझ्या भावाने स्वतःच्या छातीतली कळ कुणाला कळू दिली नाही.

गेल्या आठवड्यात त्याची सरकारी मोजपट्टी परत द्यायला मी कामावर गेले. ऊन रणरणत होतं, टोळ्या चालू होत्या. पारू पदराने तोंड पुसत जवळ आली. पायाशी कुणाचं तरी भरलेलं घमेलं खालीच राहिलं होतं. काहीतरी करावं म्हणून मी ते उचलायला गेले. तिने माझा दंड धरला.

"वाकू नका, बाई," ती म्हणाली. "साहेबांनी वाकायचं न्हाई सांगितलंय."