आधी स्टेपनी गाडीखाली

माझी नेमणूक लष्कराच्या वाहतूक कंपनीत, हवालदार म्हणून. उत्तरेच्या डोंगरी रस्त्यावरून चौक्यांना रेशन पोचवायचं. माझ्या ट्रकवर दोघे ड्रायव्हर: अचलपूरचा नाईक सलीम आणि तिवस्याचा शिपाई गजानन. दोघंही वऱ्हाडी, त्यामुळे केबिनमध्ये हिंदी कमीच.

चाक बदलण्याचा क्रम ठरलेला होता. चाक जमिनीवर असतानाच व्हील पाना लावून नट सैल करायचे. पान्याचं तोंड नटावर पूर्ण बसलं पाहिजे, नाहीतर नटाचे कोपरे झिजतात. मग जॅक. कसताना समोरासमोरचे नट, आळीपाळीनं. सलीमनं यात एक नियम घातला होता. गाडी उचलली की आधी स्टेपनी गाडीखाली सरकवायची. चाक निघालं की ते खाली ढकलून मगच स्टेपनी ओढायची. जॅक घसरला तर गाडी चाकावर बसते.

त्या सकाळी दरडीच्या टप्प्यात पुढचं डावं चाक बसलं. पाऊस नुकताच थांबला होता. रस्ता एकाच गाडीचा. रेडिओवर सुभेदार साहेब आले.

"गाडी का थांबली? ओव्हर."

"पंक्चर, साहेब. ओव्हर."

"तुमच्या मागे अॅम्ब्युलन्स आहे. पेशंट सीरियस. रस्ता मोकळा करा. ओव्हर."

नट सैल झाले, गाडी उचलली. गजानन थेट चाक ओढायला लागला.

"आधी स्टेपनी," सलीम म्हणाला.

"सलीमभाई, टाइम कुठं हाये? मांगं अॅम्ब्युलन्स उभी हाये."

"हात दोन हायेत ना तुले? मंग दोनच राहू दे. ढकल."

त्यांनी स्टेपनी ढकलली, चाक काढलं, ते खाली सरकवलं. स्टेपनी ओढण्यासाठी गजाननानं कोपरापर्यंत हात आत घातले, तेव्हा ओल्या मातीत जॅक घसरला. गाडी पंक्चर चाकावर टेकली. हात वाचले.

जॅकखाली फळी घालून गाडी पुन्हा उचलली. स्टेपनी चढवून चाक जमिनीवर टेकवलं. मी दरडीवर नजर ठेवून होतो. वरून खडे सुटले. मी शिट्टी वाजवली. गजानन कपारीकडे पळाला.

"सलीम, सोड!"

"एकच नट राहिला, साहेब."

त्यानं तो कसला. त्यानंतर दगड आला.

गजाननानं गाडी काढली. रस्ता मोकळा झाला. सलीमला त्याच अॅम्ब्युलन्समध्ये ठेवलं. पेशंट वाचला. सलीम वाटेतच गेला.

"स्टेपनीत टाइम गेला नसता तर?" गजाननानं मला एकदाच विचारलं. मी म्हणालो, "तर तुझे हात गेले असते."

आता मी अमरावतीत राहतो. गजाननाचं टायरचं दुकान तिवस्याजवळ, नागपूर रोडवर आहे. मागच्या महिन्यात तिथं थांबलो होतो. एका कारवाल्याला तो डिकीतली स्टेपनी काढून गाडीखाली सरकवायला सांगत होता.

"दोन मिनिटाचं काम हाये, भाऊ. हे काहून?"

"सलीमभाईची ऑर्डर हाये."

कारवाल्यानं दुकानात डोकावून पाहिलं. "मालक हायेत का ते? कुठं गेले?"

गजाननानं पाना उचलला.

"ड्युटीवर," तो म्हणाला.