वाफसा आला

बाळांनो, पावसानंतर माती पेरणीजोगी होते त्या वाफशाला इंग्रजी शब्द काय, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत. मला सुचला नाही, पण एक मुलगी आठवली.

कपाशीच्या त्या वाईट वर्षांत एकदा आमची पहिली पेरणी उगवलीच नाही. बियाण्याची एकच पिशवी उरली होती. तेव्हा दारव्ह्याची ती मुलगी तिच्या अभ्यासासाठी आमच्या वावरातली ओल मोजायला यायची. मातीत सळई खोचून तिची वायर एका डबीला आणि डबी लॅपटॉपला जोडायची. यूएसबीची पिन दर वेळी आधी ओढणीने पुसायची.

"काय वं पोरी, वावराले ताप आला काय?" तुमच्या आजोबांनी विचारलं.

"ओल पाहून राह्यली, चाचा. पण डबीले आकडाच समजते, वाफसा नाही समजत. तो तुम्ही सांगा."

आजोबांनी मुठीत माती दाबून पाहिली. "आज नाही."

मग एका सकाळी ते म्हणाले, "आला." तिने आकड्यापुढे तोच शब्द लिहिला. आम्ही पेरलं आणि कपाशी उगवली.

ती पुन्हा आली नाही. आता आजोबाही नाहीत. त्यांचं ते "आला" ऐकलेली माझ्याशिवाय तीच एक आहे, म्हणून पेरणीच्या दिवसांत मी अजून तिची वाट पाहते. वावर आपलंच आहे. यंदाही त्यात कपाशी आहे.