खाऱ्या बर्फातली टकटक

कपाळावर लावलेला चष्मा मला घरभर सापडत नाही, भूत काय सापडणार! त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही... असो. सांगतो.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी खारा बर्फ बनवतो. हसू नका! गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली खारट समुद्र आहे म्हणतात. तिथे यान पाठवायचं, तर तसला बर्फ तडकताना कसा वाजतो, हे आधी ठाऊक हवं. म्हणून डीप फ्रीजरमध्ये बर्फाची लादी, तिला सेन्सर, बाहेर स्पीकर. नियम एकच – सहा दिवस झाकण उघडायचं नाही.

खरं तर शुद्ध पाण्यात मोजून मीठ घालायचं. पण मी पडलो आळशी – मिरकरवाड्याच्या जेटीवरून समुद्राचंच पाणी कॅन भरून आणलं.

पाचव्या दिवशी, दुपारी तीनला, स्पीकरमधून आवाज आला. टक-टक... टक. परत तेच. लॅबमधली भांडी धुणाऱ्या सुगंधाताईंच्या हातातलं बीकर फुटलं. त्यांचा नवरा मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी. दोन वर्षांपूर्वी ती बोट गेली, ती परतलीच नाही.

"सर, झाकण उघडा."

"ताई, बर्फ तडकतोय."

"मोजून तडकतो काय ओ? बोटीत खाली बर्फाच्या खणात उतरले नि वरून झाकण पडलं, की आमचे हे असंच ठोकायचे. दोन नि एक. घरी दारावर पण तसंच. उघडा ना!"

"उद्या प्रयोग संपतोय. एक दिवस दम धरा."

"दोन वर्षं धरलाय," त्या म्हणाल्या.

मी उघडलं नाही. वर शहाणपणा – "सगळं रेकॉर्ड होतंय, काळजी नको."

चारच्या सुमारास टकटक मंदावली. मग नुसतंच टक... मग तेही नाही.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं. लादी अखंड, एक तडा नाही! मग वाजलं काय? आणि रेकॉर्डिंग? बटण दाबायचंच राहिलं होतं. सुगंधाताईंनी लादीवर हात ठेवला, तो पांढरा पडेस्तोवर काढला नाही.

त्यानंतर त्याच जेटीच्या पाण्याच्या कितीतरी लाद्या लावल्या. रोज तीनला झाकण उघडून उभा राहतो. एकही धड गोठत नाही. परवा सुगंधाताईंनीच झाकण लावलं.

"ऱ्हाऊ दे, सर. आता उघडून काय उपेग?"