बंद पडद्यातला लाल रंग

भाऊहो, बायांनो, मी चौथी शिकलेली म्हातारी. मी सांगून राह्यली, लेक टाइप करून राह्यली.

आज दुपारी नातीचा डबा द्यायले शाळेत गेली. सोनी दहावीत आहे, गडचांदूरजवळच्या आमच्या गावात. लाईन, म्हणजे वीज, सकाळपासून गेलेली. तरी कॉम्प्युटरच्या खोलीतून टकटक आवाज. पाहते तर पोरं काळ्या पडद्यांसमोर दाटीनं बसून बटनं दाबत होती.

सर म्हणाले, "फाईल उघडली?"

"उघडली, सर!"

"कोणता रंग भरला?"

"लाल, सर!" सगळे एका सुरात. माझी सोनीही.

मी वाकून पाह्यलं. काचेत माझंच तोंड होतं.

"काऊन जी मास्तर, लेकरायले भुतं दाखवून राह्यले का?"

"आजी, लाईन येते संध्याकाळी, शाळा सुटते पाचले. कोर्स तर संपवाच लागते ना."

दोन वर्सं झाली, सोनीनं चालू पडदा पाह्यलाच नाई. अन् पुढच्या महिन्यात तालुक्याले चालू कॉम्प्युटरवर परीक्षा आहे.

तिले तशीच बसमध्ये टाकून बल्लारपूरले लेकीकडं आणली, तिथल्या कॉम्प्युटरच्या कॅफेत बसवली. पडदा उजळला तशी पोरगी मागं सरकली. "आजी, हे हालते!" बोटं उचलेचनात.

मंग तिनं डोळे मिटले, अन् बोटं धडाधड चालली. मी दोनदा हाक मारली, तरी डोळे उघडून नाई राह्यली.

लाईन येते तेव्हा वर्ग भरवा, एवढं तुमच्या गावच्या मास्तरले कोणी सांगतलं का?