अर्धा गिलास दूध

आमच्या कोल्हापुरात आजारी माणसाला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. शहाळं नाहीतर केळी हातात असतातच, आणि सल्ला तोंडात. शहाळं पिऊन संपतं. सल्ला घरात राहतो.

आमच्या ह्यांना हृदयात स्टेंट बसवून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून रीघ लागली. गडमुडशिंगीची नणंद म्हणाली, "वैनी, आदी भात बंद करा." संध्याकाळी शाहूवाडीकडचे व्याही आले ते नव्या तांदळाची पिशवीच घेऊन. "भात सोडला तर माणूस हुबा कसा ऱ्हायचा?" कुणी म्हणालं तूप विष, कुणी म्हणालं तुपावरच माणूस तरतो. गुळावरून तर आमच्या सोप्यात दोन पाहुण्यांचं भांडण झालं, आणि चहा मात्र दोघांनी गुळाचाच घेतला.

मग लेकाने पुण्याहून सुकवलेल्या परदेशी जांभळ्या फळांचा डबा पाठवला. "त्यात अँटीऑक्सिडंट असतात, बाबांना रोज मूठभर दे." तो शब्द त्या डब्यातून घरात शिरला तो हलेनाच. शेजारीण म्हणाली, ते ग्रीन टीमध्ये असतं. तिच्या जावेला त्याच ग्रीन टीने पित्त झालेलं. मग हळद, आवळा, काळी द्राक्षं. धाकट्या दिरांनी तर मोठ्या उत्साहाने वाईनचं नाव काढलं, त्यांच्याकडे मी नुसतं बघितलं. मोबाइलवर सकाळी एक पांढरा कोट सांगायचा, गोळ्या घ्या. रात्रीच्या जेवणाआधी दुसरा पांढरा कोट सांगायचा, गोळ्यांनी उलट अपाय होतो. माझं डोकं फिरायचं. मी जन्मभर शाळेत शिकवलं, पण इतक्या मास्तरांचा वर्ग कधी पाहिला नव्हता.

एकदा ताटावर बसून हे म्हणाले, "अगं, ते अँटीऑक्सिडंट न्हाय असं एक तरी काय हाय का घरात? तेवढं वाढ."

मी हसले. ते हसले नाहीत. ताट तसंच सरकवून उठले.

तांबड्या रश्श्याची दुसरी वाटी हाक मारून मागणारा माणूस हा. आता घास हातात घेऊन विचारायचा, "ह्यात काय असतंय?" भाकरी अर्धी, मग चतकोर. सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे म्हणायला सोपं आहे. मन घाबरलेलं असलं की तेही जनाचंच ऐकतं. मला सगळ्यांचा राग यायचा, आणि रागाहून जास्त भीती वाटायची. स्टेंटने वाचवलेला माणूस माझ्या डोळ्यांसमोर उपाशी मरेल की काय, ही भीती.

डॉक्टरांनी तर साधंच सांगितलं होतं. घरचं खा, तेल-मीठ हात राखून, रोज चाला, गोळ्या चुकवू नका, अर्धा गिलास दूधही चालेल. पण इतकं साधं सांगणाऱ्यावर विश्वास कसा बसावा?

बघायला आलेल्यांत सल्ला न देता गेलेला माणूस एकच, ह्यांचा तालमीपासूनचा दोस्त. त्याचं स्वतःचं बायपास झालेलं. तो आला, ह्यांच्या पायाशी बसला, गुडघ्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

एका संध्याकाळी मी आवळे आणायला मंडईत गेले होते. परतताना चौकातल्या दूध कट्ट्यावर तोच दिसला. तिथे म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ गिलास हातात देतात. हे दोघे तिथे रोज जायचे. ह्यांनी दवाखान्यापासून सोडलं होतं. दोस्त म्हशीशेजारी उभा होता, रिकाम्या हाताने.

"तुम्ही दूध नाही घेत?" मी विचारलं.

"न्हाय वैनी. बायपास झाल्यापासनं आमच्या दोघांत एकच गिलास असतोय. अर्धा मला, अर्धा त्याला. पुरा मला सोसत न्हाय, आणि अर्धा आता कुणाला देऊ?"

"मग येता कशाला रोज?"

"तो आला आणि मी नसलो म्हंजे?"

आवळ्यांची पिशवी हातात जड झाली. मी घरी येऊन ह्यांना जसंच्या तसं सांगितलं, वर एक शब्दही घातला नाही. ते म्हणाले, "खुळं हाय ते." आणि दुसऱ्या दिवशी ऊन उतरायच्या आधीच चप्पल शोधायला लागले.

मी सोबत गेले, जरा लांब उभी राहिले. दोस्ताने गिलास घेतला, मोजूनमापून अर्धा प्याला आणि पुढे केला. ह्यांनी आत काय आहे ते न विचारता तोंडाला लावला. दोघांच्या मिशांना फेस लागला होता आणि दोघेही एकमेकांना शिव्या देत होते.

घरी आल्यावर स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "भाकरी हाय का गं? भूक लागलीया."

मी त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापली, रडू दिसू नये म्हणून. त्यांनी दीड भाकरी खाल्ली, आणि ह्यात काय असतंय, हे एकदाही विचारलं नाही.